रक्ताची साक्ष आणि ‘सेप्सिस’ या शब्दाचा अर्थ

१

रोगाच्या नावाचा इतिहास आणि रोगाच्या चिन्हांचा इतिहास हे दोन स्वतंत्र विषय मानण्याचा प्रघात आहे. पहिला भाषाभ्यासकाच्या प्रांतात मोडतो, दुसरा वैद्यकाच्या. ‘सेप्सिस’ या विकाराच्या बाबतीत मात्र ही वाटणी टिकत नाही. रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात, बोलीत ज्यास कॅज्युअल्टी म्हणतात तेथे, ताप, धाप आणि ग्लानी घेऊन आलेल्या माणसाचे रक्त तपासून त्याचा विकार कोणते वळण घेईल हे थोड्या वेळात सांगता यावे, यासाठी वैद्यकाने दीर्घकाळ खटपट केली आहे. या खटपटीत जी जी द्रव्ये निर्देशक म्हणून पुढे आली, त्यांचे मोल ‘सेप्सिस’ या शब्दाचा त्या त्या काळी जो अर्थ रूढ होता त्यावरून ठरविले गेले. आणि अर्थ पालटताच हे मोलही पालटले. या दोन इतिहासांचा परस्परसंबंध दाखविणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हा संबंध केवळ शब्दचिकित्सेच्या कुतूहलाचा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आढळले आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंमागे जवळजवळ एक. रक्तातील एका आकड्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, तर ज्याला रुग्णालयात ठेवावयास हवे तो घरी जातो. यास्तव आकड्याचा अर्थ कसा लावला जातो हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानेही गंभीरपणे घ्यावा असा आहे.

२

‘सेप्सिस’ हा शब्द ग्रीक. कुजणे, सडणे हा त्याचा मूळ अर्थ. त्याच्या धातूचे रूप होमरच्या ‘इलियड’ काव्याच्या अखेरच्या सर्गात हेक्टरच्या शवाच्या संदर्भात येते. ते शव इतके दिवस पडून राहूनही कुजले नाही, असे तेथे सांगितले आहे. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत ‘सेप्सिस’ आणि ‘पेप्सिस’ ही दोन पदे परस्परविरोधी अर्थांनी वावरतात. शरीरातील द्रव पक्व होऊन प्रकृती सुधारणे म्हणजे पेप्सिस, आणि ते नासून बिघडणे म्हणजे सेप्सिस. यांपैकी ‘पेप्सिस’ या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘पच्’ धातूचे सगोत्र आहे. ‘पक्व’ या रूपापासून प्राकृताच्या वाटेने आलेले ‘पिकणे’ हे क्रियापद मराठीत फळाला लागते तसेच गळवालाही लागते. गळू पिकले की ते फुटून बरे होणार, ही मराठी माणसाची समजूत आणि ग्रीक वैद्याची कल्पना या दोन्ही एकाच रूपकावर उभ्या आहेत.

या पहिल्या अर्थात सेप्सिस ही नाकाला आणि डोळ्याला कळणारी गोष्ट होती. जखमेची दुर्गंधी हेच तिचे चिन्ह. रक्त तपासून ती ओळखण्याचा प्रश्न तेव्हा उद्भवत नव्हता.

३

रक्तातील एक विशिष्ट द्रव्य आणि हा विकार यांची पहिली गाठ पडली ती १८४३ साली. वुर्त्सबुर्ग येथील योहान योझेफ शेरर याने सूतिकाज्वराने मृत्यू पावलेल्या तरुण स्त्रियांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल असल्याचे दाखविले. हे आम्ल कार्ल शेले याने १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळे काढले होते, आणि त्याचे नावही दुधावरूनच पडले. शेररच्या काळी जंतुसिद्धांत अस्तित्वात नव्हता. त्यामुळे त्याच्या शोधाला बसवावे असे चौकटीतले घरच उपलब्ध नव्हते, आणि तो दीर्घकाळ अडगळीत राहिला.

योगायोग असा की, याच दशकात व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस त्याच सूतिकाज्वराचा विचार करीत होता. १८४७ साली त्याचा सहकारी याकोब कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडला आणि दगावला. त्याच्या शवात दिसलेले फेरफार सूतिकाज्वराने गेलेल्या बाळंतिणींच्या शवांतील फेरफारांशी जुळतात हे सेमेलवाइसच्या ध्यानी आले आणि त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. शेररने द्रव्य शोधले, सेमेलवाइसने कारण. या दोन शोधांची भेट होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागावयाची होती.

मधल्या काळात शब्दाचा अर्थ पालटला. जोसेफ लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख १८६७ साली प्रसिद्ध झाले. रॉबर्ट कॉखने १८७८ साली जखमांच्या संसर्गाची मीमांसा केली. लुई पाश्चरने १८७९ साली सूतिकाज्वराच्या संबंधात साखळीसारखे दिसणारे जंतू दाखविले. कुजणे हे कार्य ठरले आणि जंतू हे कारण. या विचाराची परिणती ह्यूगो शोटम्युलरच्या १९१४ सालच्या व्याख्येत झाली. शरीरात एखादे केंद्र निर्माण होऊन तेथून रोगजंतू सतत किंवा अधूनमधून रक्तप्रवाहात शिरतात आणि त्यामुळे लक्षणे उत्पन्न होतात, तेव्हा सेप्सिस झाला असे म्हणावे, असा तिचा आशय आहे.

या व्याख्येने चिन्हाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. सेप्सिस म्हणजे रक्तातील जंतूंचा शिरकाव. सबब रक्तात जंतू वाढवून दाखविणे हाच त्याचा पुरावा. अडचण दुहेरी होती. रक्तातील जंतूंची वाढ दिसण्यास बहुधा एक-दोन दिवस लागतात, आणि आकस्मिक विभागातील निर्णय तासांत घ्यावा लागतो. शिवाय अत्यवस्थ रुग्णांपैकी पुष्कळांच्या रक्तात जंतू वाढतच नाहीत. व्याख्या काटेकोर मानली तर या रुग्णांना सेप्सिस नाही असे म्हणावे लागे, आणि ते तर मरत होते.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष जंतूवरून शरीराच्या प्रतिक्रियेकडे वळू लागले. पोलंडच्या एडमुंड बिएर्नात्स्कीने १८९७ साली आणि स्वीडनच्या रॉबिन फोरेउसने १९१८ साली तांबड्या पेशी खाली बसण्याच्या वेगाचा अभ्यास केला. त्यातून निघालेली चाचणी ‘ईएसआर’ या नावाने मराठी कुटुंबांनाही परिचित आहे. पुढचे मोठे पाऊल १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पडले. विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस यांना असे आढळले की, न्यूमोनियाच्या तीव्र अवस्थेतील रुग्णाचा रक्तद्रव न्यूमोकॉकस जंतूपासून काढलेल्या ‘सी’ नावाच्या अंशाशी मिसळला असता साका बनतो. आणि रुग्ण बरा झाला की ही क्रिया नाहीशी होते. तिला कारणीभूत असलेले प्रथिन ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि १९४७ साली मॅक्लिन मकार्टी याने त्याचे स्फटिक मिळविले.

तथापि लवकरच असे दिसून आले की, हे प्रथिन केवळ न्यूमोनियात वाढत नाही. संधिज्वर, हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया, मोठी इजा यांपैकी कोणत्याही प्रसंगी यकृत ते मोठ्या प्रमाणात निर्माण करते. येथे न्यायशास्त्राची परिभाषा उपयोगी पडते. धूर दिसला असता अग्नीचे अनुमान करता येते, कारण धूर अग्नीवाचून कोठेही आढळत नाही. या अबाधित साहचर्यास व्याप्ती म्हणतात. जो हेतू साध्याच्या ठिकाणी असतो आणि साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळतो, त्यास सव्यभिचार हेतू म्हणतात आणि त्यावरून काढलेले अनुमान सदोष ठरते. संसर्गाच्या अनुमानात हे प्रथिन असा सव्यभिचार हेतू होय. शिवाय ते कित्येक तासांनी चढू लागते आणि त्याचा कळस साधारणपणे दुसऱ्या दिवशी येतो; त्यामुळे आजाराच्या पहिल्या काही तासांत आलेल्या रुग्णात ते अल्प असणे हे निर्धास्त राहण्याचे कारण होऊ शकत नाही.

५

शेररचे विस्मृत लॅक्टेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निराळ्या नात्याने परतले. १९६४ साली ब्रोडर आणि मॅक्स हॅरी वाइल यांनी शॉकच्या रुग्णांत अतिरिक्त लॅक्टेट आणि जगण्याची शक्यता यांचा संबंध दाखविला. लिटरमागे ४ मिलिमोलपेक्षा अधिक वाढ झालेल्यांपैकी फारच थोडे वाचत. येथे विचारलेला प्रश्नच वेगळा होता, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनला ‘संसर्ग आहे काय?’ असे विचारले जात होते. लॅक्टेटला ‘हा रुग्ण किती संकटात आहे?’ असे विचारले गेले. पहिला प्रश्न कारणाचा, दुसरा गांभीर्याचा. वैद्यकीय लेखनात हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले गेले, आणि निर्देशकांच्या इतिहासातील पुष्कळसा गोंधळ या सरमिसळीतून उत्पन्न झाला आहे.

गांभीर्याच्या प्रश्नास लॅक्टेट कितपत उत्तर देते, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या नेथन शापिरो व त्याचे सहकारी यांच्या अभ्यासात स्वच्छ दिसते. संसर्ग झालेले १,२७८ रुग्ण आकस्मिक विभागातच तपासण्यात आले होते. लॅक्टेट २.५ मिलिमोलच्या आत असलेल्या ८७७ रुग्णांपैकी ४३, म्हणजे ४.९ टक्के, दगावले, २.५ ते ४ या दरम्यानच्या २६७ पैकी २४, म्हणजे ९ टक्के. आणि ४ किंवा त्याहून अधिक असलेल्या १३४ पैकी ३८, म्हणजे २८.४ टक्के. पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी ही आकडेवारी पाहून लॅक्टेटला गांभीर्याचा निर्देशक मानणे योग्यच ठरते. परंतु हेच कोष्टक उलट्या बाजूनेही वाचावयास हवे. एकूण १०५ मृत्यूंपैकी ४३ मृत्यू सर्वांत कमी लॅक्टेट असलेल्या गटात घडले होते. आकडा मोठा असला तर भय रास्त. आकडा लहान असला म्हणून अभय मिळत नाही. तेव्हा या निर्देशकाचे बळ एकतर्फी आहे. दम्यासाठी दिलेली काही औषधे, आकडी, यकृताचे विकार यांमुळेही लॅक्टेट वाढते. न्यायाच्या भाषेत, ही व्याप्ती सोपाधिक आहे.

६

१९७२ साली लुइस टॉमस याने ‘जर्म्स’ या निबंधात असे प्रतिपादिले की, संसर्गात माणसाचे जे नुकसान होते त्यातील मोठा वाटा जंतूचा नसून शरीराच्या स्वतःच्या शस्त्रागाराचा असतो. १९८५ साली बॉयट्लर, मिल्सार्क आणि सेरामी यांनी शरीरातच निर्माण होणाऱ्या एका द्रव्यास, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरला, रोखले असता जंतुविषापासून उंदरांचे संरक्षण होते असे दाखविले, आणि या विचारास प्रयोगाचा आधार मिळाला. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेत भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्येत, सेप्सिस म्हणजे संसर्गास शरीराने दिलेली सर्वांगीण दाहक प्रतिक्रिया असे ठरविले. तापमान, नाडी, श्वसन आणि पांढऱ्या पेशी या चार लक्षणांपैकी दोन आढळली म्हणजे ती प्रतिक्रिया आहे असे मानावयाचे होते.

अर्थाच्या या पालटाने दाहाच्या निर्देशकांचे भाग्य उजळले. दोनच वर्षांनी, १९९३ साली, पॅरिस येथील आसिको आणि सहकाऱ्यांनी ७९ बालकांच्या अभ्यासात प्रोकॅल्सिटोनिन हे द्रव्य पुढे आणले. गंभीर जंतुसंसर्गात त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे ६ ते ५३ नॅनोग्रॅम होते; स्थानिक जंतुसंसर्गात किंवा विषाणूंच्या आजारात ०.१ ते १.५, आणि संसर्ग नसलेल्यांत ०.१ पेक्षाही कमी. आकडे मोहविणारे होते. २००१ सालच्या दुसऱ्या परिषदेने, जिचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि प्रोकॅल्सिटोनिन या दोहोंना निदानसूचक लक्षणांच्या यादीत स्थान दिले. पुढे अनेक रुग्णालयांतील अनुभव एकत्र केल्यावर मोह ओसरला. २०१३ सालच्या संकलित परीक्षणात प्रोकॅल्सिटोनिनची संवेदनशीलता ७७ टक्के आणि विशिष्टता ७९ टक्के भरली. म्हणजे शंभर खऱ्या रुग्णांपैकी तेवीस त्याच्या नजरेतून सुटतात.

इकडे चार लक्षणांची चौकटही डळमळीत झाली. २०१५ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील १ लाख ९ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत असे दिसले की, संसर्ग होऊन अवयव निकामी होऊ लागलेल्या दर आठांपैकी एका रुग्णात ती चौकट लागूच पडत नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिसरी व्याख्या प्रसिद्ध झाली. तीनुसार सेप्सिस म्हणजे संसर्गास शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे निर्माण झालेला, जिवावर बेतणारा अवयवांचा बिघाड. हा बिघाड ‘सोफा’ नावाच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या गुणांकाने मोजावयाचा. त्यात प्लेटलेट पेशी, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन ही रक्तातील मापे अंतर्भूत आहेत. दाहाची द्रव्ये व्याख्येबाहेर राहिली आणि नेहमीच्या तपासणीतील ही साधी मापे व्याख्येच्या आत आली. द्रव्यांत काहीच बदल झाला नव्हता. बदलला तो शब्दाचा अर्थ.

सेप्टिक शॉकच्या व्याख्येत तर लॅक्टेटच समाविष्ट झाले. द्रव पुरेसा देऊनही रक्तदाब टिकविण्यास औषध लागणे आणि लॅक्टेट २ मिलिमोलपेक्षा अधिक असणे, या दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच ते नाव द्यावयाचे. ज्या माहितीवर ही अट आधारलेली आहे तिच्यात दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्यांतील मृत्युप्रमाण ४२.३ टक्के होते, आणि रक्तदाबासाठी औषध लागूनही लॅक्टेट न वाढलेल्यांत ३०.१ टक्के. हा दुसरा गट कमी धोक्याचा आहे हे खरे. परंतु त्यातील दर दहांपैकी तिघे दगावत असता त्या गटास ते नाव लागू नाही. ज्या रुग्णालयात लॅक्टेट मोजण्याची सोय नाही तेथे तर या व्याख्येचा शब्दशः अवलंब करणेच अशक्य होते.

७

या ठिकाणी इतिहासाने उघड केलेला मूलभूत प्रश्न असा की, निर्देशकाची परीक्षा कशावर करावयाची. नवा निर्देशक ‘सेप्सिस’ ओळखतो की नाही हे पाहावयाचे, तर सेप्सिस कोणास होता हे आधी ठरले पाहिजे. आणि ते ज्या व्याख्येने ठरते तिच्यात जुने निर्देशक आधीच बसलेले आहेत. लॅक्टेटने सेप्टिक शॉक ओळखता येतो असे म्हणणे, तो शॉक लॅक्टेटनेच ठरविला जात असता, आत्माश्रय दोषास पात्र होते. १९९२ ची व्याख्या वापरून यशस्वी ठरलेला निर्देशक २०१६ च्या व्याख्येपुढे अयशस्वी ठरू शकतो, आणि त्यात त्या निर्देशकाचा दोष नसतो. याच कारणाने निरनिराळ्या दशकांतील अभ्यासांचे आकडे एका रांगेत मांडून तुलना करणे धोक्याचे आहे. त्या अभ्यासांत शब्द एक आहे; त्याचा वाच्यार्थ एक नाही.

निर्देशकांची संख्या मात्र वाढत गेली. पिएराकोस आणि व्हँसाँ यांच्या २०१० सालच्या आढाव्यात १७८ निर्देशकांची नोंद आहे. २०२० सालच्या आढाव्यात ती २५८ वर गेली. इंटरल्यूकिन-६, जपानमध्ये पुढे आलेले प्रेसेप्सिन, ॲड्रिनोमेड्युलिनच्या पूर्वरूपाचा मध्यांश, अशी ही यादी लांबते. आकस्मिक विभागातील प्रौढ रुग्णांसाठी मोनोसाइट पेशींच्या आकारातील तफावत मोजण्याच्या चाचणीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली मान्यता दिली. चिन्हांची ही गर्दीच असे सुचविते की, यांपैकी कोणत्याही एकाच्या ठायी निर्णायक व्याप्ती सापडलेली नाही.

याचा अर्थ ही सारी खटपट व्यर्थ गेली असा मात्र होत नाही. तिच्यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली, एका आकड्यापेक्षा आकड्याची वाटचाल अधिक सांगते. २००४ साली न्ग्युएन आणि सहकाऱ्यांनी १११ रुग्णांत पहिल्या सहा तासांत लॅक्टेट जितके वेगाने उतरते तितकी वाचण्याची शक्यता वाढते असे दाखविले. दुसरी, निर्देशकास त्याच्या आवाक्यातील प्रश्न विचारला तर तो उपयुक्त उत्तर देतो. २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने प्रतिजैविके केव्हा सुरू करावीत हे ठरविण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनचा आधार घेऊ नये असे सुचविले. पण ती केव्हा थांबवावीत या प्रश्नात त्याचा उपयोग टिकून राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील २,७६० रुग्णांच्या चाचणीत प्रोकॅल्सिटोनिनच्या आधारे उपचारांचा काळ सुरक्षितपणे कमी करता आला. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनच्या आधारे तो कमी झाला नाही.

लॅक्टेट, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि प्रोकॅल्सिटोनिन या तीन नावांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. पहिले नाव दुधाचे, दुसरे एका जंतूच्या अंशाचे, तिसरे कंठग्रंथीतील एका संप्रेरकाचे. ही नावे द्रव्य प्रथम कोठे भेटले त्याची नोंद ठेवतात. सेप्सिसशी असलेला संबंध त्यांना पुढे, वापराने चिकटला. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, तो त्याच्या वापराच्या व्यवस्थेत असतो, हे भाषाशास्त्रातील मत रक्ताच्या चाचणीसही लागू पडते.

मराठीपुरते बोलावयाचे तर ‘जखम सेप्टिक झाली’ हा प्रयोग रूढ आहे आणि त्यात एकोणिसाव्या शतकातील अर्थ, म्हणजे जंतूंनी नासलेली जखम, जसाच्या तसा जिवंत आहे. डॉक्टर २०१६ च्या अर्थाने ‘सेप्सिस’ म्हणतो तेव्हा नातेवाइकाच्या मनात जखमेचे चित्र उभे राहण्याचा संभव असतो. आणि विकाराचे मूळ फुप्फुसात किंवा मूत्रमार्गात असेल तर त्या दोघांचे बोलणे एकमेकांस भेटत नाही. मराठी परिभाषा घडविताना ‘पूतिता’ किंवा ‘रक्तविषबाधा’ यांसारखे शब्द योजले, तर जुनाच अर्थ पुन्हा घट्ट होईल. ‘सेप्सिस’ हा शब्द तसाच ठेवून ‘संसर्गाने अवयव बिघडू लागले आहेत’ असे सरळ वाक्य त्यास जोडणे अधिक सयुक्तिक ठरेल. रक्तातील आकडा वैद्यास सावध करतो. त्या आकड्याचा अर्थ रुग्णाच्या माणसांपर्यंत वेळेत पोहोचविण्याचे काम भाषेलाच करावे लागते.